तीन हजार वर्षांच्या हाडावर अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून रागावू नका. कारणच तसं घडलंय. गेल्या महिन्यात तुम्ही मला भेटलात. स्वप्नात वगैरे नाही, भर दुपारी, प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर. आणि उद्या सकाळी मला एक काम करायचंय, ते करण्याआधी तुमच्या कानावर घालायला हवं.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच "पण आधी काय झालं?" म्हणून अडवाल.

माझ्या कामाबद्दल तुम्ही लोकांना काय सांगायचात, आठवतं? "आमची शैला मेलेल्या माणसांचं गाव शोधून काढते." संत तुकाराम नगरात आपल्या मजल्यावर सगळ्यांना हे पाठ होतं. समोरच्या बीडच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की त्यांच्या सासूबाई आता कुठं असतील ते कळेल का. मी समजावत बसले, की काकू, मी हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए काढते. कोणती माणसं कुठून आली, कुणात मिसळली, कोण नाहीसं झालं, एवढंच त्यातून कळतं. काकू म्हणाल्या, "म्हंजे तेच की." तुम्ही मागे उभे राहून हसत होतात.

पांढरा सूट, दुहेरी हातमोजे, मास्क, टोपी असा माझा फोटो पाहून तुम्ही म्हणालात, "ही तर आमच्या पेंट शॉपातली दिसते." चाकणच्या तुमच्या कंपनीत रंगावर धूळ बसू नये म्हणून तसे कपडे घालत. आमच्याकडेही कारण तेच, फक्त आमची धूळ म्हणजे आम्ही स्वतः. आमची थुंकी, घाम, डोक्यातला कोंडा, यातलं काही जुन्या हाडावर पडलं की त्या हाडाचं बोलणं आमच्या बोलण्याखाली बुडून जातं. म्हणून तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेऊन ठेवलेला असतो. गडबड झालीच तर घरातल्यांची झडती आधी.

हे सगळं तुमच्यामुळे सुरू झालं, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं का? नाही सांगितलं. आज सांगते.

कंपनीत लागण्याआधी, विशीत असताना, तुम्ही दोन हिवाळे आपल्या गावाबाहेरच्या पांढरीवर खोदकामाला होतात. घोडनदीच्या काठचं ते टेकाड, आणि त्याच्या पोटात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती. पहिली पाळी करून तुम्ही घरी आलात, अंघोळ झाली, की मी तुम्हाला खेटून बसायचे आणि तुम्ही मला त्या वस्तीतून फिरवून आणायचात. इथं चूल, इथं धान्याची कणगी, इथं घराच्या जमिनीखाली पुरलेलं माणूस. "चुलीवर सारवणाऱ्या बाईची बोटं उठलेली व्हती गं, आपल्या आजीच्या चुलीवर उठत्यात तशी." आणि मग नेहमीचा प्रश्न यायचा, "एवढं समदं इथं टाकून ती माणसं गेली कुठं?"

मी आठ वर्षांची असेन. तुम्हाला न येणारं एखादं उत्तर जगात आहे, याचंच मला नवल वाटायचं. मोठेपणी मी ज्या विषयात शिरले तो विषय म्हणजे तुमचाच प्रश्न आहे, जरा इस्त्रीचे कपडे घातलेला.

आणि ती जिभेची गोष्ट! मातीतून निघालेला तुकडा हाडाचा की दगडाचा, हे नुसत्या नजरेला कळत नाही. मग तो पुसायचा आणि जिभेच्या शेंड्याला लावायचा. जुनं हाड जिभेला धरून राहतं, दगड सुटतो. बाकीच्या मजुरांना किळस यायची. तुम्हाला नाही आली. पलीकडच्या खड्ड्यातून साहेब हाक मारायचे, "दत्तूला बोलवा," आणि तुम्ही ऐटीत जाऊन तीन हजार वर्षांपूर्वीचं माणूस चाटून सांगायचात, "हाड हाय, साहेब." ती सवय तुमची पुढंही गेली नाही. तुरटी की खडीसाखर, मीठ की सोडा, घरात काहीही शंका आली की तुमची जीभ बाहेर. आई चिडायची. तुम्ही म्हणायचात, "ही जीभ सरकारी कामात वापरलेली हाय."

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रावेतच्या आमच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तेव्हा आमच्या मॅडम आल्या होत्या. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली चालते. तुम्ही नवा शर्ट घालून त्यांच्यासमोर बसलात आणि सुरू केलंत, "मी बी हाडं काढलीत, मॅडम. आमच्या गावाला..." मी स्वयंपाकघरातून धावत आले. "अण्णा, आधी पंगतीकडं बघा, लोक खोळंबलेत." तुम्ही "बरं बरं" म्हणून उठलात. मॅडमना मी सांगून ठेवलं होतं की वडील चाकणला कंपनीत होते. ते खोटं नव्हतं. पण खड्ड्यात उतरून माती उपसणारा मजूर माझा बाप होता, हे मला त्या परदेशात शिकून आलेल्या लोकांसमोर नको होतं. तुम्ही नंतर त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. काढायला हवा होतात, अण्णा. एकदा तरी कान धरायला हवा होता माझा.

तुम्ही गेल्यावर वर्षभरानं एका जुन्या गोदामातल्या पेट्या आमच्याकडे आल्या. कागदी लेबलं, शाई उडालेली. एका लेबलावर आपल्या गावाचं नाव वाचलं आणि मी लेबलावर तशीच बोट ठेवून उभी राहिले. नियम साधा आहे: या खोदकामाशी तुमचा किंवा घरच्यांचा काही संबंध असेल तर फॉर्मवर लिहा. मी लिहिलं नाही. मनाशी म्हटलं, चाळीस वर्षं होऊन गेली, आता काय राहिलंय.

त्या पेटीत एका माणसाचं कानामागचं हाड होतं. अंगातलं सगळ्यात कठीण हाड ते. डीएनए टिकला तर तिथंच टिकतो. आपल्या उन्हानं भाजलेल्या मातीत तोही सहसा टिकत नाही, म्हणून दख्खनच्या या जुन्या शेतकऱ्यांबद्दल हाडांनी आजवर फार थोडं सांगितलंय. मी त्या हाडाला भोक पाडून चिमूटभर भुकटी काढली. हाडाला एक बारीक चीर होती, तिकडं माझं लक्ष गेलं होतं. पण गेलं आणि परत आलं. काही आठवड्यांनी निकाल आला. भरघोस डीएनए! मी पेढे वाटले, अण्णा. हो, मीच.

चौथ्या दिवशी पेढे घशात आले. जुना डीएनए मोडका असतो, बारीक बारीक तुकडे, टोकांशी झिजलेले. हा लांबलचक होता आणि टोकं कोरी करकरीत. म्हणजे आजचं माणूस. मॅडमनी आमच्या गालांच्या नमुन्यांच्या यादीशी ताडून पाहिलं आणि मला बोलावलं.

"शैला, हे तुझ्याशी जुळतंय."

कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. मास्क सैल झाला असेल, होतं असं, म्हणाले. हाडं हाताळतात त्या स्वच्छ खोलीत जायचं माझं बंद झालं. माझा करारही दोन महिन्यांनी संपत होता, आणि निष्काळजी म्हणून नाव झालेल्या बाईला तो वाढवून कोण देणार? मी जागेवर येऊन बसले आणि ते आकडे उघडले. कुठं हात लागला असेल माझा, एवढंच शोधायचं होतं.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की हा डीएनए पुरुषाचा होता. दुसरी, तो माझ्याशी पूर्ण जुळत नव्हता, बरोबर अर्धा जुळत होता. अर्धं जुळतं ते आईबापांशी, पोटच्या पोराशी किंवा सख्ख्या भावंडाशी. मला भाऊ नाही, मुलगाही नाही. तिसरी गोष्ट पाहायची गरजच नव्हती, तरी पाहिली. आईकडून येणारा एक धागा असतो, तो माझ्या आईचा नव्हता. तो दुसऱ्याच कुठल्या बाईचा होता.

मग मला ती चीर आठवली. आणि तुमची जीभ.

अण्णा, तुम्हाला आपण जाळलं. राख आळंदीला इंद्रायणीत सोडली. तुमचा चष्मा, कंपनीचं ओळखपत्र आणि एक स्वेटर, एवढंच कपाटात आहे. आणि इथं एका परक्या माणसाच्या हाडाच्या चिरेत वीस वर्षांचे तुम्ही ओले होऊन बसला होतात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखानं नाही. किती वर्षांनी इतका आनंद झाला होता.

पण सांगायचं कसं? सांगितलं तर निष्काळजीपणाचा डाग जाईल, पण फॉर्मवर माहिती लपवली हे बाहेर येईल, आणि का लपवली तेही. गप्प राहिले तर करार संपून निघून जायचं, बाप झाकलेला राहील. दोन दिवस मी हिशेब मांडत बसले, लाज वाटेल असा. मग मोशीला आत्याकडे गेले. तुमच्या दोघांच्या आईचा धागा तिच्यात आहे, तिचा नमुना जुळला तर वाद मिटणार होता.

"तोंडात काडी कशाला घालतीस गं? ताप न्हाई मला."

"अण्णांच्या आईकडचं बघायचंय, आत्या."

"आमची आई व्हय? ती मांडवगणची."

"आणि तिची आई कुठली?"

"ते कुणाला ठावं," आत्या म्हणाली. "बाईमाणसाचं गाव दोन पिढ्यांत पुसतं बघ. मला तरी इथं मोशीची म्हणत्यात आता, आन् तुझ्या बापाला पस्तीस वर्षं भायेरचा म्हणत व्हते."

खरंच म्हणत होते. आत्याच्या सासरचे जुने गाववाले. लग्नाकार्यात पान वाढताना सुद्धा "हे भायेरनं आल्यात" असं कुणीतरी सांगायचंच. शिरूर तालुक्यातून आलेला माणूस बाहेरचा. मग बीडच्या काकू तर विचारायलाच नको. तुम्ही हसून घ्यायचात. आता तुम्ही असता तर त्यांना ऐकवायला तुम्हाला मी भरपूर मसाला पुरवला असता. काही देशांत नंतर आलेल्या माणसांनी आधीच्यांना जवळजवळ पुसूनच टाकलं, असं हाडं सांगतात. आपल्याकडं तसं सरसकट झालेलं दिसत नाही. रानात हिंडून पोट भरणारे, मग शेतकरी, मग फार उशिरा उत्तरेकडून आलेले गुराखी, या सगळ्यांची मिसळ आपल्यात आहे, कुणात थोडी इकडची जास्त, कुणात तिकडची. मोशीच्या पाटलातही आहे आणि तुमच्या कंपनीतल्या भय्या ऑपरेटरातही आहे.

पण आपल्या नदीकाठच्या त्या शेतकऱ्यांचं काय झालं? संपले, की आपल्यातच आले? मला कंपनीतलं तुमचं प्रेस शॉप आठवतं, पत्र्याला साच्यात दाबून आकार द्यायचं. पाळी सुटली तरी पुढचा माणूस येईपर्यंत तुम्ही मशीन सोडायचा नाहीत. तो आला की दहा मिनिटं दोघं शेजारी उभे, "डाय तापलीय, भावा, सांभाळून." त्या काठावरही तसंच झालं असावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण इच्छा म्हणजे पुरावा नव्हे.

आत्याचा धागा जुळला. मी सोमवारच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं, "हा डीएनए माझ्या वडिलांचा आहे. ते या खोदकामावर मजूर होते. हाड ओळखायला ते जिभेला लावायचे. मला हे माहीत होतं आणि मी फॉर्मवर लिहिलं नाही."

"तुझ्या वास्तुशांतीला ते हेच सांगत होते ना?" मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, पुढं सांगतील. मी वाट बघत होते."

त्या वाट बघत होत्या, अण्णा. तुम्हाला ऐकायला त्या बसलेल्याच होत्या. मधे मी आले.

मला लेखी समज मिळाली, ती मिळायलाच हवी होती. करार सहा महिन्यांसाठी वाढला, स्वच्छ खोलीही पुन्हा खुली झाली. आणि मॅडमनी त्याच बैठकीत एक गोष्ट केली. तुमच्या काळच्या नोंदवहीत मजुरांची नावंच नाहीत, नुसतं "मजूर, अकरा". त्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. त्यावर मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं: हाडं ओळखणारे. आता त्या पेट्यांमधल्या प्रत्येक हाडातून आधी तुम्हाला वजा करायचं, मग पुढं वाचायचं. यादीत तुमचं नाव माझ्या नावाखाली आहे. वजा होण्यासाठी का होईना, पण लिहिलं गेलं.

आता उद्याचं काम.

तुमच्या गर्दीतून ते मोडके, झिजलेले जुने तुकडे वेगळे काढून पाहिले. मूठभरही नाहीत. एवढंच कळलं की ती बाई होती. चुलीवर बोटं उठवणाऱ्यांपैकी कुणी असेल. हाडाची दुसरी बाजू अजून शाबूत आहे, आणि त्या बाजूच्या गाभ्यात ती बाई पुरेशी शिल्लक असू शकेल. असली, तर ती माणसं गेली कुठं याचं उत्तर द्यायला तिच्याकडून सुरुवात होईल. पण आत जायचं तर हाड आधी ब्लीचनं धुवायचं, अतिनील दिव्याखाली ठेवायचं आणि वरचा पापुद्रा घासून टाकायचा. त्या पापुद्र्यात तुम्ही आहात.

मॅडम म्हणाल्या, "तू नको करूस, दुसरं कुणी करेल." मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि पुन्हा मोशीला गेले. आत्याला सगळं समजावलं, रडलेही. ती शेंगा सोलत होती. "पुस की मग," म्हणाली. "दत्तू काय त्या हाडात ऱ्हायला हाय व्हय? त्यानं ती बाई वर काढली, ती काय आपली थुंकी दाखवायला काढली का?" मग एक शेंग माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "पर तूच कर. परक्याच्या हातानं नगं."

तर मीच करणार आहे. आभार कसे मानायचे बापाचे, मला माहीत नाही. आपल्याकडं तशी पद्धतच नाही. तुम्ही मला प्रश्न दिलात, उत्तर न देता दिलात, म्हणून मी इथवर आले. घरात भाकरीबरोबर ती वस्ती वाढलीत. मला लाज वाटली तेव्हा मुकाट उठून पंगतीकडं गेलात. आणि गेल्यावरही अशा जागी थांबलात की मला खरं बोलावंच लागलं. या सगळ्याबद्दल, अण्णा, मी तुमची फार ऋणी आहे.

आज प्रयोगशाळेतून निघताना ते हाड ठेवलेल्या कपाटापाशी थांबले आणि हळूच "येते अण्णा" म्हणाले. उद्या दहाला ते हाड माझ्या हातात असेल. घाई करणार नाही. त्या बाईवर तुमचा एक कणही मागे राहू देणार नाही. हे माझं वचन आहे.

तुमची,
शैला